खोडदच्या छत्र्या

आमचा वर्ग रात्री आठला भरतो. शेतातली कामे उरकून, भाकरी खाऊन मंडळी येतात. एकदा धडा लवकर संपला. आम्ही सारे देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. आकाश निवळ होते. तेव्हा वर्गातली एक मावशी म्हणाली, "गुरुजी, माझं माहेर खोडदच्या अंगाला. तिथं त्या एवढाल्या लोखंडी छत्र्या उभ्या केल्यात. लग्नाच्या आधीपासनं बघते मी. रात्री झोपताना एकीकडं तोंड असतं, सकाळी दुसरीकडं. पण त्यातनं ती माणसं बघतात काय, हे कुणी कधी सांगितलं नाही."

मावशीच्या मागे एक तरुण गडी बसला होता. तो जरा रागातच म्हणाला, "काय बघत्यात ते बघू द्या. पण त्यांच्यापायी आमची रेल्वे गेली, ते कुणी सांगायचं?"

दोघांचेही प्रश्न रास्त होते. मी मात्र गप्प बसलो, कारण मला उत्तर येत नव्हते. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. जन्मभर पाढे, व्याकरण आणि भूगोल शिकवला. पण मास्तरला उत्तर आले नाही तर त्याला झोप लागत नाही. म्हणून मी वाचले, जाणत्यांना विचारले, खोडदला जाऊन आलो. जे समजले ते येथे सांगतो.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुका आहे. पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत नारायणगाव लागते. तेथून थोड्या अंतरावर खोडद गाव आहे. या मुलखात एकंदर ३० छत्र्या उभ्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ एकाच पट्ट्यात आहेत. बाकीच्या १६ तीन दिशांना तीन ओळींनी पसरल्या आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा पसारा आहे. पण या ३० छत्र्या म्हणजे ३० दुर्बिणी नव्हेत. त्या साऱ्या मिळून एकच दुर्बीण होते. तिला रेडिओ दुर्बीण म्हणतात.

एकेका छत्रीची रुंदी ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट आहे. गुंठ्यांच्या हिशेबात सांगतो, म्हणजे चटकन कळेल. एक छत्री जमिनीवर पालथी घातली तर पावणेसोळा गुंठे जमीन झाकेल. तीसही छत्र्या शेजारी शेजारी ठेवल्या तर पावणेबारा एकर झाकले जातील. आपल्यातल्या पुष्कळांची सारी जमीनसुद्धा एवढी नाही!

आता मावशीचा प्रश्न. या छत्र्यांतून बघतात काय? खरे म्हणजे तेथे कोणी डोळा लावून बघत नाही. या छत्र्या ऐकतात.

तुम्ही पावसाळ्यात रेडिओ लावला असेल. दूर कोठे वीज चमकली की रेडिओत खर्र होते. जुनी मोटारसायकल दारावरून गेली तरी खर्र होते. असे का होते? ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण रेडिओला त्या कळतात. सूर्याचा उजेड आणि या लहरी एकाच कुळातल्या. दोघींचा वेगही एकच, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. फरक लांबीचा. उजेडाची लहर इतकी आखूड की केसाच्या जाडीत शंभरावर मावतील. रेडिओची लहर वीतभर असते, काही हात लांबही असते.

आकाशातूनसुद्धा अशा लहरी येतात, हे १९३२ पर्यंत कोणाला माहीत नव्हते. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा एक एंजिनियर होता. समुद्रापलीकडे रेडिओवरून टेलिफोन जोडायचे काम त्याच्या कंपनीने काढले होते. त्यात खरखर येई. ती कोठून येते ते शोध, असे त्याला सांगितले. विजांची खरखर त्याने ओळखली. पण एक बारीक सळसळ राहिली, ती काही जाईना. ती रोज येई. पण काल ज्या वेळी आली त्याच्या चार मिनिटे आधी आज येई.

चार मिनिटे आधी! ही खूण शेतकऱ्याला नवी नाही. एखादी चांदणी आज अमक्या वेळी डोंगरावर आली, तर उद्या ती चार मिनिटे आधी येते. महिनाभरात दोन तासांचा फरक पडतो. म्हणून तर काही नक्षत्रे थंडीत रात्रभर दिसतात आणि पावसाळ्यात दिसत नाहीत. सूर्य असे करीत नाही. पृथ्वीवरचे यंत्रही असे करीत नाही. जी वस्तू ताऱ्यांत आहे तीच रोज चार मिनिटे आधी उगवते. जान्स्कीने ओळखले की ही सळसळ आकाशगंगेतून येते. ही चार मिनिटांची खूण ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

खोडदची दुर्बीण बांधली गोविंद स्वरूप यांनी. त्यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशात ठाकुरद्वारा येथे झाला. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत ते हे शास्त्र शिकले. १९६३ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. आधी त्यांनी कल्याणजवळ ३२ लहान छत्र्या उभ्या केल्या. त्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या होत्या. तिकडच्या लोकांनी त्या भेट दिल्या. मग तामिळनाडूत उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. ती १९७० साली चालू झाली. त्यानंतर खोडद. २००२ पासून ही दुर्बीण साऱ्या जगातल्या शास्त्रज्ञांसाठी खुली आहे. पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यात वारले.

त्यांची एक युक्ती मला फार आवडली. एवढी मोठी छत्री भरीव पत्र्याची केली तर वजन किती होईल? वारा सुटला की ती शिडासारखी भरेल, मोडेल. खर्च तर विचारूच नका. त्यांनी पत्रा लावलाच नाही. बारीक तारेची जाळी लावली आणि ती दोरांनी ताणून धरली. तुम्ही म्हणाल, जाळीतून लहरी गळून जाणार नाहीत का? नाही जाणार. चाळणीतून पीठ पडते, शेंगदाणा पडत नाही. जाळीची भोके बोटभरही नाहीत आणि लहर वीतभराहून मोठी. ती आदळते आणि उलटून छत्रीच्या मध्यावर गोळा होते. वारा मात्र जाळीतून निघून जातो. थोडक्या पैशात मोठे काम झाले. गरीब घरची बाई जसा संसार करते तसे हे काम आहे, असे मी मावशीला सांगितले, तेव्हा ती हसली.

छत्रीच्या मध्यावर गोळा झालेला आवाज काचेच्या बारीक तंतूंतून मधल्या इमारतीत जातो. तीसही छत्र्यांचा आवाज तेथे एकत्र करतात. मग ३० छत्र्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका छत्रीसारखे बारीक काम देतात. तारा आकाशात सरकतो तशी छत्रीही त्याच्या मागे हळूहळू वळते. मावशीला रात्री एकीकडे आणि सकाळी दुसरीकडे तोंड दिसे ते यामुळे.

तेथे काय काय ऐकू आले, ते सगळे सांगायला हे पुस्तक पुरणार नाही. एकच सांगून पुढे जातो. विश्वात सगळीकडे हायड्रोजन नावाचा वायू भरला आहे. तारे त्यापासूनच बनतात. हा वायू २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभराची लहर सोडतो. फार दूरच्या दीर्घिकेतून आलेली अशी एक लहर खोडदला ऐकू आली. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा मोठा समुदाय. हे काम कॅनडातले अर्णब चक्रवर्ती व बंगळूरचे निरुपम रॉय यांनी केले. ते २०२३ साली प्रसिद्ध झाले. ती लहर तेथून निघून येथे पोचायला ८८० कोटी वर्षे लागली. आपल्या पृथ्वीचे वय आहे सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे लहर निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. लहर अर्ध्या वाटेवर आली तेव्हा पृथ्वी जन्माला येत होती. आणि ती पोचली कोठे, तर जुन्नर तालुक्यात, द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या रानात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती समजायला आधी एका मुलीची हकिकत ऐकली पाहिजे.

जोसलिन बेल ही आयर्लंड बेटाच्या उत्तर भागातली मुलगी. तिकडे मुलांची अकराव्या वर्षी मोठी परीक्षा घेत. तिच्यात ती नापास झाली होती. पुढे ती शिकत शिकत इंग्लंडात केंब्रिजला गेली. तेथे अँटनी ह्युइश या प्राध्यापकाच्या हाताखाली एक रेडिओ दुर्बीण बांधायची होती. ती छत्रीसारखी नव्हती. चार एकरांहून अधिक रानात खांब पुरायचे आणि त्यांवर तारा ताणायच्या. द्राक्षाचा मांडव घालतात ना, तशातलाच प्रकार. ते खांब ठोकण्यात ही मुलगी इतरांबरोबर स्वतः राबली.

१९६७ साली दुर्बीण चालू झाली. आकाशाचा आवाज कागदाच्या पट्टीवर शाईच्या रेघेने उमटे. रोज ९६ फूट कागद निघे. तो सगळा कागद जोसलिनने डोळ्यांखालून घालायचा. ऑगस्ट महिन्यात तिला रेघेवर एके ठिकाणी जरासे कुसळासारखे काही दिसले. पाव इंचाचे. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. तिने मागचे कागद काढून पाहिले. ते कुसळ पुन्हा पुन्हा येत होते. आणि रोज चार मिनिटे आधी येत होते! म्हणजे मोटारीची ठिणगी नाही, कोणाचे यंत्र नाही. ते ताऱ्यांतले होते.

नोव्हेंबरात तिने कागद जलद फिरवून ते नीट उमटवले. तेव्हा दिसले की ते एक टिपके नाही, ठोक्यांची रांग आहे. टक्, टक्, टक्. दर एक पूर्णांक एक-तृतीयांश सेकंदाला एक ठोका. इतका नेमका की घड्याळ लाजावे. परग्रहावरची माणसे तर खुणा करीत नाहीत ना, अशी थट्टाही झाली. त्या ठोक्यांना त्यांनी आपसात 'हिरवी बुटकी माणसे' असे नावही दिले. पण नाताळच्या सुमाराला आकाशाच्या दुसऱ्या भागात तसेच आणखी ठोके सापडले. दोन टोकांची बुटकी माणसे एकाच वेळी आपल्यालाच कशाला हाका मारतील? थट्टा संपली. तो एका नव्याच जातीचा तारा होता. त्याला पल्सार म्हणतात, मराठीत स्पंदक तारा.

मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा आत कोसळतो आणि बाहेरचा भाग उधळून जातो. मागे उरतो तो गाभ्याचा गोळा. त्याचे वजन सूर्याहून जास्त, पण रुंदी फक्त २० किलोमीटरच्या आसपास. खोडदच्या छत्र्या जेवढ्या मुलखात पसरल्या आहेत, तेवढ्यात तो मावेल. त्याचा चमचाभर तुकडा शंभर कोटी टनांहून जड भरेल. असा गोळा गरगर फिरतो आणि त्याच्या अंगातून रेडिओलहरींचा झोत निघतो. कोकणात समुद्रकाठी दीपगृह असते. त्याचा झोत फिरत फिरत आपल्यावरून गेला की उजेड लुकलुकतो. पल्सारचे तसेच. काही पल्सार सेकंदाला एकदा फिरतात, काही सेकंदाला शेकडो वेळा. पिठाच्या गिरणीचा पट्टाही एवढा फिरत नाही.

१९७४ साली या शोधासाठी नोबेल पारितोषिक दिले, ते प्राध्यापक ह्युइश यांना. त्यांच्याबरोबर मार्टिन राइल यांनाही, त्यांच्या दुसऱ्या कामासाठी. जिने ते पाव इंचाचे कुसळ शोधले तिचे नाव त्यात नव्हते. ती स्वतः याबद्दल कुरकुरली नाही; पण मला विचाराल तर हा न्याय झाला नाही. २०१८ साली तिला दुसरे एक मोठे बक्षीस मिळाले, ३० लाख डॉलरचे. ते सगळे पैसे तिने गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले.

आता खोडदला परत येऊ.

आइन्स्टाइन नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९१६ साली गणित मांडून सांगितले की फार जड वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या की अवकाशातच लाटा उठतात. अवकाश म्हणजे ही सगळी पोकळी, जिच्यात तारे आहेत, पृथ्वी आहे, आपण आहोत. लाट येते तेव्हा ही पोकळीच किंचित ताणली जाते, किंचित आखडते. या लाटांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. तळ्यात दोन म्हशी एकमेकींभोवती फिरू लागल्या तर काठापर्यंत लाटा येतात आणि काठची पाने वरखाली होतात. म्हशी दिसल्या नाहीत तरी पानांवरून कळते की आत काही हालते आहे.

अशी लाट पहिल्यांदा पकडली अमेरिकेत, १४ सप्टेंबर २०१५ रोजी. ती दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याने उठली होती. कृष्णविवर म्हणजे इतकी घट्ट वस्तू की तिच्यातून उजेडसुद्धा सुटत नाही. ती लाट सेकंदाच्या आतच निघून गेली. तिला पकडायला चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांचे यंत्र लागले. तसेच यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पण काही लाटा याहून फार लांब असतात. दीर्घिकांच्या पोटात राक्षसी कृष्णविवरे असतात, लाखो-कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची. दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांची ही कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरू लागतात, अगदी सावकाश. त्यांची एक लाट येऊन जायला कित्येक वर्षे लागतात. चार किलोमीटरचे यंत्र तिला काय पकडणार? तिला पकडायला साऱ्या आकाशगंगेएवढे यंत्र पाहिजे.

ते यंत्र म्हणजे पल्सार. तेच ते नेमके ठोके! लाट आली की पल्सार आणि आपण यांच्यामधले अंतर जरासे बदलते. मग ठोका किंचित लवकर येतो किंवा किंचित उशिरा. किती? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. एवढा फरक वर्षानुवर्षे टिपत बसायचे.

येथे तो तरुण गडी मध्येच म्हणाला, "एखादा ठोका उशिरा आला तर त्या ताऱ्याचाच दोष असंल. लाट कशावरनं?" मला आनंद झाला. नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याला मी एस.टी.चे उदाहरण दिले. एक गाडी उशिरा आली तर आपण म्हणतो, त्या गाडीचेच काही बिघडले असेल. पण एकाच बाजूच्या साऱ्या गाड्या एकाच दिवशी उशिरा आल्या, आणि दुसऱ्या बाजूच्या लवकर आल्या, तर? मग गाड्यांचा दोष नाही, वाटेतच काही झाले आहे. गुरुत्वीय लाटेची खूण अशीच आहे. आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दोन पल्सारांचे ठोके बरोबरीने मागेपुढे होतात. काटकोनात असलेल्या पल्सारांचे उलटे होतात. कोणत्या कोनाला किती, याचे गणित १९८३ सालीच मांडून ठेवले होते.

म्हणून एका पल्सारावर भागत नाही. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणी आणि आपली खोडदची, अशा सहा दुर्बिणींनी मिळून २५ पल्सारांच्या ठोक्यांची नोंद तपासली. ती नोंद सुमारे २५ वर्षांची होती. खोडदची नोंद त्यात सुमारे साडेतीन वर्षांची. भारतातले आणि जपानातले शास्त्रज्ञ त्यासाठी एकत्र आले होते.

साडेतीनच वर्षे? मग खोडदचे महत्त्व काय? महत्त्व आहे. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही. तेथे विरळ वायू आहे. त्यातून येताना आखूड लहरी लवकर येतात आणि लांब लहरी मागे पडतात. चिखलाच्या वाटेने जीप आणि बैलगाडी एकदमच निघाली तरी बैलगाडी मागे राहते, तसे. वायू कमीजास्त झाला की हा फरकही बदलतो. मग लाटेने उशीर झाला की वायूने, हे कळत नाही. लांब लहरींवर वायूचा परिणाम जास्त, म्हणून वायू मोजायचा तर त्याच लहरी चांगल्या. आणि त्या ऐकण्यात खोडदचा कान तिखट आहे. त्यामुळे वाटेतला चिखल किती, हे खोडदने मोजून दिले. तेवढा उशीर हिशेबातून वजा केला की उरलेला फरक स्वच्छ दिसतो.

२९ जून २०२३ रोजी हा निकाल जाहीर झाला. त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथल्या मंडळींनीही आपापले निकाल सांगितले. साऱ्यांना त्याच लाटांच्या खुणा दिसल्या. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शास्त्रज्ञांनी 'पुरावा मिळाला' असे म्हटले, 'सिद्ध झाले' असे म्हटले नाही. हा नुसता योगायोग असण्याचा संभव त्यांच्या हिशेबाने हजारात एक होता. आपल्याला वाटेल, हजारात एक म्हणजे झालेच की! पण त्यांना दहा लाखांत एकाहूनही कमी शंका उरलेली पाहिजे. त्यासाठी आणखी काही वर्षे ठोके मोजायला हवेत. ग्रामपंचायतीच्या हिशेबालासुद्धा अशी कसोटी लावली तर किती बरे होईल, असे माझ्या मनात येऊन गेले. असो.

आता रेल्वेचे. हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. टाळायचा म्हणून नव्हे. आधीचे समजल्याखेरीज तो नीट समजत नाही.

आकाशातून येणारा आवाज किती बारीक असतो? समजा, एक मोबाइल फोन चंद्रावर नेऊन ठेवला आणि चालू केला. तर रेडिओ दुर्बिणीला तो साऱ्या आकाशातल्या ठळक वस्तूंपैकी एक वाटेल. म्हणजे कोट्यवधी कोस दूरचे तारे राहिले बाजूला, खिशातला मोबाइलच मोठा! १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपने मंगळावर एक लहान यान उतरवले. ते उतरत असताना त्याच्या चिमुकल्या रेडिओचा आवाज खोडदच्या छत्र्यांनी ऐकला. जमिनीवर टेकायच्या जरा आधी तो आवाज बंद झाला. यान कोसळले होते. मंगळावरची बारीकशी हाक ज्याला ऐकू येते, त्याच्या कानाशी कोणी भोंगा लावला तर काय होईल?

विजेच्या तारेचा सांधा सैल असला की ठिणगी उडते. विजेवर चालणाऱ्या रेल्वेत इंजिन वरच्या तारेला घासत जाते, तेथेही ठिणग्या उडतात. मोबाइलचे मनोरे आहेतच. खोडदची जागा निवडली तेव्हा तेथे असा गोंगाट कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. पुणेही फार दूर नव्हते. म्हणून तर ती निवडली. आता त्या भागात कारखाना काढायचा तर दुर्बिणीला त्रास होणार नाही ना, हे आधी पाहिले जाते. पुणे-नाशिक नव्या रेल्वेची पहिली आखणी नारायणगावावरून होती. २०२५ साली रेल्वे खात्याने सांगितले की त्या वाटेने दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, म्हणून दुसऱ्या वाटेचा विचार करावा लागत आहे. त्या भागातल्या लोकांना ते रुचले नाही. रेल्वे आमच्याकडूनच न्या, अशी त्यांची मागणी आहे.

तरुण गड्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, समजलं. पण माझा टोमॅटो रेल्वेनं लवकर गेला असता, त्याचं काय? तारा काय पळून जाणार हाय का?" मी म्हटले, "तारा पळून जाणार नाही, पण लाटेची नोंद मध्येच तुटली तर ती पुन्हा मिळत नाही. गेलेली वर्षे परत कशी मोजणार? आणि अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही." तो म्हणाला, "मग आमचा तोटा कुणी भरून द्यायचा?"

याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्याचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणवत नाही. साऱ्या जगाला ज्ञान मिळते आणि त्यासाठी गप्प राहायचे ते जुन्नर तालुक्याने. मग गप्प राहणाऱ्याला काय द्यायचे, हा सवाल सरकारपुढे मांडायचा त्याला हक्क आहे. मी त्याला एवढेच म्हटले की अर्ज लिहायला आता तुला कोणाची गरज नाही. लिही, मी शुद्धलेखन तपासून देतो. अर्ज त्याने लिहिला आहे. दुर्बीण हलवा असे त्यात नाही. रेल्वे दुसरीकडून नेणार असाल तर आमचा माल बाजाराला नेण्याची दुसरी सोय करा, असे आहे. 'आखणी' हा शब्द त्याने पहिल्यांदा चुकवला होता.

मावशीला मात्र छत्र्या जवळून बघायच्या होत्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास खोडदला विज्ञानाचे प्रदर्शन भरते आणि दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात. आम्ही वर्गातले अकरा जण गेलो. नारायणगावापर्यंत एस.टी.ने आणि पुढे जीपने. फाटकापाशी पाटी होती. मावशीने बोट ठेवून अक्षर अक्षर लावून ती मोठ्याने वाचली: मोबाइल बंद ठेवा. मग मागे वळून तिने एकेकाचा मोबाइल बंद करवून घेतला. माझाही.